जुन्या सायकलीचा नवा संसार



सायकलीच्या बाबतीत आपल्याकडे दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो, जुने ते सोने. पूर्वीच्या लोखंडाला जो कस होता तो आता राहिला नाही. दुसरा म्हणतो, जुने ते भंगार. बाजारात नवी सायकल मिळत असता माळ्यावरची गंजकी फ्रेम खाली काढणे म्हणजे पैशाचा आणि वेळेचा अपव्यय होय. दोघांचेही म्हणणे थोडथोडे खरे आहे. म्हणूनच प्रत्यक्ष फ्रेम डोळ्यांखालून घातल्यावाचून या वादाचा निकाल देता येत नाही. डोंगरी सायकलीच्या, म्हणजे जिला मुले माउंटन बाइक किंवा नुसते एम.टी.बी. म्हणतात तिच्या, जुन्या फ्रेमवर आजचे सुटे भाग चढवता येतात काय, कोणते चढतात, आणि तसे करण्यात शहाणपण केव्हा असते, याचा विचार आज आपल्याला करावयाचा आहे. मी यंत्रज्ञ नव्हे, शाळामास्तर आहे. तेव्हा जे स्वतःच्या हातांनी मोजून पाहता येते तेवढेच सांगेन.

ही सायकल जन्माला आली तीच मुळी अशा जोडकामातून, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात, सॅन फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेस मरीन नावाचा जिल्हा आहे आणि तेथे टॅमलपायस नावाचा डोंगर आहे. १९७०नंतरच्या काही वर्षांत तेथील हौशी तरुणांनी श्विन कंपनीच्या, महायुद्धापूर्वीच्या जाड टायरांच्या सायकली जुन्या बाजारातून गोळा केल्या. फ्रेम तेवढी ठेवली. तिच्यावर मोटारसायकलीचे ब्रेकचे दांडे आणि गिअर चढवले आणि डोंगराच्या कच्च्या वाटेने खाली झेपावण्याच्या शर्यती सुरू केल्या. अशी पहिली शर्यत २१ ऑक्टोबर १९७६ रोजी झाली. उतारावर मागच्या ब्रेकच्या हबमधील ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर ते नव्याने भरावे लागे. म्हणून त्या शर्यतीचे नावच 'रिपॅक', म्हणजे 'पुन्हा भरा', असे पडले. पुढे १९७७ साली जो ब्रीझ याने खास डोंगरासाठी फ्रेम घडवली आणि १९७९ साली गॅरी फिशर व चार्ली केली यांनी अशा सायकलींचा व्यापार आरंभला. जुन्या फ्रेमला नवे भाग लावणे म्हणजे सायकलीचा अपमान, असे ज्यांना वाटते त्यांनी हा इतिहास आठवावा.

आपल्या देशात या धाटणीच्या सायकली १९९०नंतरच्या दशकात शाळकरी मुलांच्या आणि कामकरी माणसांच्या हाती दिसू लागल्या. हीरो, हर्क्युलस, अ‍ॅटलास अशी त्यांची नावे आपल्या परिचयाची आहेत. त्यांच्या फ्रेमा बहुधा पोलादी, वजनाला जड, परंतु सोशिक. पुढे मापे बदलली, चाके मोठी झाली, डिस्क ब्रेक आले आणि या सायकली गॅलरीत, जिन्याखाली, माळ्यावर जाऊन बसल्या. अ‍ॅटलासचा साहिबाबाद येथील कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला; तो दिवस नेमका जागतिक सायकल दिनाचा होता. कारखाना बंद पडला, पण त्यातून बाहेर पडलेल्या फ्रेमा अजून घराघरांतून आहेत. त्यांचे काय करावयाचे हा प्रश्न म्हणूनच केवळ हौशीचा नाही.

आमच्या सुभानपुऱ्यात तो प्रश्न गेल्या वर्षी एका घरी उभा राहिला. घरातील कर्ता पुरुष त्याच एम.टी.बी.वरून वर्षानुवर्षे कारखान्यात जात असे. त्याच्या मागे ती सायकल गॅलरीत सहा वर्षे उभी होती. मुलगा दहावी झाला आणि म्हणू लागला, "सर, मला हीच सायकल घेऊन पावागडला जायचंय. गिअर आणि ब्रेक नवे बसवून द्या." आईचे म्हणणे वेगळे होते. "त्यांनी जशी ठेवली तशीच राहू दे. सगळंच बदललं, तर मग ती त्यांची कशी राहील?" दोघांच्याही बोलण्यात वजन होते. पावागड बडोद्याहून सुमारे ५० किलोमीटर; माचीपर्यंतचा चढ आणि त्याहून अवघड म्हणजे परतीचा उतार. गंजलेल्या ब्रेकवर भिस्त ठेवून कोणत्या आईने मुलाला त्या उतारावर धाडावे? आणि नुसत्या आठवणीखातर चालती होऊ शकणारी सायकल किती काळ उभी ठेवावी?

पुण्यास कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांनी २०१७ साली सायकलींचे संग्रहालय उघडले. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए. कंपनीने बनवलेली घडीची सायकल तेथे पाहावयास मिळते. तशा वस्तूला मूळचाच भाग शोधून लावला पाहिजे, कारण ती आता इतिहासाची साक्षीदार आहे. परंतु जी सायकल रस्त्यावर चालावयाची आहे तिचा न्याय निराळा. तिने वेळेवर थांबले पाहिजे, चढावर साथ दिली पाहिजे. मी त्या वहिनींना एवढेच दाखवले की, सायकलीचा क्रमांक ठोकलेला असतो तो फ्रेमवर. चाके, चेन, टायर ही झिजण्यासाठीच असतात. यजमानांनीही ती आपल्या हयातीत अनेकदा बदलली होती. फ्रेम मात्र तीच राहिली होती. तिचा रंग, तिच्यावरचे ओरखडे आणि हँडलखालची कंपनीची पट्टी यांना हात लावावयाचा नाही, असे ठरले आणि वहिनींनी होकार दिला.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पैसा खर्च करण्यापूर्वी फ्रेमची परीक्षा घ्यावी. लोहचुंबक लावून पाहावे. चिकटला तर पोलाद, न चिकटल्यास बहुधा अ‍ॅल्युमिनियम. मग ओल्या फडक्याने पुसून, उजेडात, चार ठिकाणी बारकाईने पाहावे: हँडलच्या नळीमागे खालच्या दांड्याची खालची बाजू, सीटच्या नळीची वरची चीर, पायडलांच्या आसाभोवतीचे सांधे, आणि मागचे चाक जेथे अडकते ती खाच. रंगाखालून केसासारखी रेघ धावताना दिसली आणि नखाला अडकली, तर ती चीर समजावी. अशी फ्रेम कितीही प्रिय असली तरी तिच्यावर कोणाला बसवू नये. वरवरच्या गंजाला भिण्याचे कारण नाही. टोचणीने दाबल्यावर पत्रा आत जाऊ लागला तर मात्र भिण्याचे कारण आहे.

फ्रेम सरळ आहे की नाही, हे पाहण्यास महागडे यंत्र लागत नाही, दोरा पुरतो. मागच्या एका खाचेला दोरा बांधून तो हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणून आणावा. मग सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्यांचे अंतर मोजावे. ती दोन अंतरे सारखी आली, किंवा एकदोन मिलिमीटरांचाच फरक पडला, तर फ्रेम सरळ आहे. भूमितीच्या तासाला समद्विभुज त्रिकोण शिकवताना मी आता हेच उदाहरण घेतो.

यानंतर मापे. जुन्या फ्रेमचे आणि नव्या भागांचे लग्न जमते ते मापांवर; कंपनीच्या नावावर किंवा जाहिरातीवर जमत नाही. पहिले माप चाकाचे, आणि येथेच पुष्कळांची दिशाभूल होते. जुन्या एम.टी.बी.चे चाक '२६ इंची' म्हणतात. परंतु बाजारात २६ इंचाची एकाहून अधिक चाके आहेत. टायरवर २६ x २.१ असा दशांश लिहिलेला असेल, तर टायर ज्यावर बसतो त्या रिमचा व्यास ५५९ मिलिमीटर असतो. २६ x १ ३/८ असा व्यवहारी अपूर्णांक लिहिलेला असेल, तर तो व्यास ५९० मिलिमीटर असतो. इंच तेच, चाके निराळी. एकाचा टायर दुसऱ्यावर बसणार नाही. म्हणून इंच विसरावे आणि टायरच्या कडेला बारीक अक्षरांत छापलेला मिलिमीटरचा आकडा वाचावा. नव्या सायकलींची चाके ५८४ किंवा ६२२ मिलिमीटरची असतात. ती या फ्रेममध्ये कोंबण्याचा मोह टाळावा. रिम वर सरकल्याने ब्रेकचे रबर तिच्यापर्यंत पोचत नाही आणि टायर फ्रेमला घासण्याचा संभव असतो. ५५९चे चांगले टायर आणि दुपदरी रिमा अजून मिळतात.

दुसरे माप मागच्या दोन खाचांमधील रुंदीचे. जुन्या एम.टी.बी.त ती १३० किंवा १३५ मिलिमीटर असते. आजच्या महागड्या डोंगरी सायकलींत ती १४८पर्यंत गेली आहे, तेव्हा तसले हब येथे निरुपयोगी. परंतु १३५चे हब अजून सर्रास बनते आणि तेच आपल्या कामाचे. आमच्या हातातील फ्रेम १३० भरली. फ्रेम पोलादी असल्यास आटेदार सळई आणि दोन नट यांच्या साहाय्याने प्रत्येक बाजू अडीच मिलिमीटर हळूहळू फाकवता येते. पोलाद थोडे मागे येते, म्हणून किंचित अधिक ताणावे लागते. प्रत्येक वेळी दोऱ्याची कसोटी पुन्हा घ्यावी. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमवर हा प्रयोग कदापि करू नये. तो धातू वाकण्यापेक्षा चिरणे पसंत करतो.

तिसरे माप पायडलांचा आस ज्या आडव्या नळीत फिरतो तिचे. दुकानदार तिला बी.बी. म्हणतात. येथे मात्र इतिहास आपल्या बाजूला आहे. या नळीतील आट्यांचे प्रमाण, व्यास १.३७ इंच आणि दर इंचास २४ आटे, हे बी.एस.ए. याच नावाने ओळखले जाते. १८६१ साली बंदुका बनवण्यासाठी स्थापन झालेल्या बर्मिंगहॅमच्या त्या कंपनीचे हे माप आजही जिवंत आहे. नळी ६८ किंवा ७३ मिलिमीटर रुंद असेल आणि आटे शाबूत असतील, तर छर्रे आणि कॉटर पिना काढून टाकून आजचे बंद बेअरिंग तेथे निर्वेध बसते. एक गोष्ट मात्र स्मरणात ठेवावी. चेनच्या बाजूची, म्हणजे उजवी वाटी उलट्या आट्यांची असते. ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवली की सैल होते. हे ठाऊक नसलेला माणूस जितका जोर लावील तितकी ती अधिक आवळली जाईल.

आमच्या बडोद्यात 'चालशे' हा शब्द फार गोड आहे. पाहुण्याला चहात साखर कमी पडली, चालशे. गाडी दहा मिनिटे उशिरा आली, चालशे. आट्यांच्या बाबतीत मात्र तो शब्द वापरू नये. वाटी पहिले दोन-तीन फेरे बोटांनी सहज आत गेली पाहिजे. पान्ह्याने रेटून बसवलेली वाटी नळीचे आटे खाते, आणि नळीचे आटे गेले की फ्रेम गेली. आटे मळलेले असतील तर टॅप फिरवून साफ करून घ्यावेत. सुभानपुऱ्याला लागूनच गोरव्याची औद्योगिक वसाहत आहे. तेथे लेथवर बसणाऱ्या कारागिराला माप लिहून दिले, तर तो असली कामे सफाईने करतो. तोंडी सांगू नये, लिहून द्यावे.

चौथी बाब ब्रेकची. चाकाच्या दोन्ही बाजूंना, मागच्या दांड्यांवर आणि पुढच्या चिमट्यावर, बोटभर लांबीच्या खुंट्या असतील तर आपण भाग्यवान. त्या जुन्या कँटिलिव्हर ब्रेकसाठी लावलेल्या असल्या तरी १९९६च्या सुमारास आलेला व्ही ब्रेक त्याच खुंट्यांवर बसतो, आणि तो पुष्कळ अधिक जोराने धरतो. मात्र त्याच्याबरोबर हँडलवरचा दांडाही व्ही ब्रेकचाच घ्यावा. जुना दांडा तार थोडी ओढतो. व्ही ब्रेकला ती अधिक ओढावी लागते. दोहोंची गल्लत झाली तर दांडा मुठीला टेकतो आणि चाक फिरतच राहते. डिस्क ब्रेकची पुष्कळांना हौस असते. परंतु जुन्या फ्रेमवर त्याची बैठकच नसते, आणि पातळ नळीवर वेल्डिंग करून ती बसवणे म्हणजे त्या ठिकाणचे पोलाद अशक्त करणे होय. चांगल्या रबराचा, नीट जुळवलेला व्ही ब्रेक बडोद्याच्या रस्त्यांना आणि पावागडच्या उतारालाही पुरेसा आहे.

आता गिअर. जुन्या एम.टी.बी.वर बहुधा पुढे ४८, ३८ आणि २८ दात्यांची तीन चक्रे आणि मागे १४ ते २८ दात्यांची सहा चक्रे असत. त्यावर मोठ्या ऐटीने '१८ गिअर' असे लिहिलेले असे. थोडे गणित करू. जाड टायरसह या चाकाचा परीघ सुमारे २ मीटर ७ सेंटीमीटर भरतो. सर्वांत हलक्या गिअरमध्ये पुढे २८ आणि मागे २८. म्हणजे पायडलाच्या एका फेऱ्यात सायकल तेवढीच, २ मीटर ७ सेंटीमीटर पुढे जाते. आजच्या पद्धतीने पुढे ३२ दात्यांचे एकच चक्र आणि मागे ११ ते ४२ दात्यांची नऊ चक्रे लावली, तर सर्वांत हलका गिअर ३२ भागिले ४२. एका फेऱ्यात सायकल सुमारे १ मीटर ५८ सेंटीमीटर जाते. अंतर कमी, म्हणून पायांवरचा भारही कमी. सर्वांत जड गिअरमध्ये पूर्वी ती ७ मीटर १० सेंटीमीटर जाई, आता ६ मीटरच्या जवळपास जाईल. सपाटीवरचा थोडा वेग देऊन चढावरची पुष्कळ सोय विकत घेतली, असा हा सौदा आहे. ज्याला केवळ सिंधरोटपर्यंत, महीच्या काठी, सपाट रस्त्याने फिरून यावयाचे आहे त्याला तो करण्याची गरज नाही. त्याने जुनेच गिअर साफ करून वापरावेत.

हा सौदा करावयाचा तर तीन वस्तू एकाच घराण्यातील घ्याव्यात: हँडलवरील गिअरची कळ, मागे चेन सरकवणारा डिरेलर, आणि चक्रांची कॅसेट. कळ एका टिचकीला किती तार ओढते आणि तेवढ्या तारेने डिरेलर किती सरकतो, हे प्रत्येक घराण्याचे ठरलेले असते. जुने फ्रीव्हील हबवर आट्यांनी बसे आणि आसाचा बराच भाग आधारावाचून राही, त्यामुळे खड्ड्यांत तो वाके. कॅसेटच्या हबात बेअरिंग कडेपर्यंत गेलेले असल्याने ही तक्रार उरत नाही. डिरेलर टांगण्याचा फ्रेमवरील कान मात्र आधी सरळ करून घ्यावा. सायकल उजव्या अंगावर पडली की तो वाकतो; मग कितीही महाग गिअर लावले तरी चेन खडखडतच राहते.

राहता राहिला पुढचा चिमटा. झटके खाणारा, स्प्रिंगचा चिमटा लावावा असे प्रत्येक मुलाला वाटते. परंतु नव्या चिमट्यांपैकी बहुतेकांची नळी खाली दीड इंच जाड असते आणि ती जुन्या फ्रेमच्या एक इंची किंवा सव्वा इंचाहून कमी मापाच्या नळीत शिरत नाही. शिवाय तो जुन्यापेक्षा उंच असतो. पुढचा भाग दोन सेंटीमीटर उचलला की हँडलच्या नळीचा कल सुमारे एका अंशाने मागे जातो. पाचसहा सेंटीमीटरांनी उचलला तर सायकल वळणावर सुस्त होते आणि फ्रेमच्या सांध्यांवर नको तो ताण येतो. आम्ही मूळचाच चिमटा ठेवला, त्याचे छर्रे व वाट्या नव्या घातल्या आणि झटक्यांचे काम जाड टायरांवर सोपवले. आजचे हँडल बसवण्यासाठी जुन्या नळीत उतरणारी जोडनळी मिळते. ती आत किती खोल गेली पाहिजे याची खूण तिच्यावर असते, आणि त्या खुणेच्या वर ती कधीही ठेवू नये.

खर्चाविषयी थोडे सांगितले पाहिजे. फ्रेम फुकट असली तरी सायकल फुकट होत नाही. चाके, गिअर, ब्रेक, टायर यांची बेरीज पुष्कळदा साध्या नव्या सायकलीच्या किमतीला जाऊन भिडते. म्हणून आधी सर्व मापे कागदावर लिहावीत, मग प्रत्येक भागाचा भाव समोर मांडावा, आणि बेरीज केल्यावर निर्णय घ्यावा. पैसे तोकडे असतील तर क्रम असा ठेवावा: प्रथम ब्रेक, मग टायर आणि चाके, मग बेअरिंग, आणि सर्वांत शेवटी गिअर. जी सायकल थांबत नाही तिला अधिक वेगाने पळवण्याची सोय करणे हा उलटा न्याय झाला. सर्व भाग चढवल्यावर पहिल्या ४०-५० किलोमीटरनंतर प्रत्येक नट पुन्हा तपासावा आणि चाकांचा आउट काढून घ्यावा, कारण नव्या तारा ताण घेऊन बसल्या की किंचित सैल पडतात.

बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने आणि त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने १८९० साली कलाभवन स्थापन झाले. हाताने काम करणाऱ्याला शास्त्र कळावे आणि शास्त्र शिकणाऱ्याच्या हाताला काम ठाऊक असावे, हा त्यामागील विचार. आज ती परंपरा येथील विद्यापीठाच्या तंत्रशास्त्र शाखेत सामावली आहे. परंतु तो विचार महाविद्यालयापर्यंत थांबून राहण्याचे कारण नाही. सुभानपुऱ्यातील त्या मुलाने तीन आठवडे, रोज संध्याकाळी तासभर, दोरा, फूटपट्टी आणि पान्हा घेऊन काम केले. अपूर्णांक, परीघ, गुणोत्तर, कोन ही सारी त्याच्या वहीतून उतरून त्याच्या बोटांत आली. काढलेले जुने भाग त्याने रॉकेलने धुऊन, ग्रीस लावून, एका खोक्यात आईच्या स्वाधीन केले. नाताळच्या सुट्टीत तो माचीपर्यंत जाऊन दिवेलागणीपूर्वी घरी परतला. वहिनींनी दुसऱ्या दिवशी सायकल स्वतः पुसली.

आपल्याही घरी, जिन्याखाली, अशी एखादी फ्रेम असेल. ती विकण्यापूर्वी तिला एकदा उजेडात आणावी, दोरा लावून पाहावा, आणि मापे लिहावीत. तिने नकार दिला तर ती भंगारात द्यावी. त्यात दुःख मानू नये. होकार दिला तर मात्र ती आणखी एका पिढीचे ओझे वाहण्यास सिद्ध आहे असे समजावे, आणि घरातील मुलाच्या हाती पान्हा द्यावा.